बंदा, बांदी, बंदे : पेडणे-डिचोलीतल्या एका जुन्या शब्दाची चौकशी

गोव्याच्या उत्तर भागात, विशेषतः पेडणे आणि डिचोली या महालांत, ‘बंदे’ हा शब्द जुन्या पिढीला ठाऊक आहे. नव्या पिढीने ऐकला असेल तर दबक्या आवाजात, भांडणात, नाहीतर लग्न जुळवताना कुणीतरी कुणाच्या कानात कुजबुजताना. वतनदार, देसाई, जमीनदार यांच्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घरकाम करणाऱ्या माणसांना हा शब्द लावत. पुरुष तो बंदा, बाई ती बांदी, आणि सगळे मिळून बंदे.

शब्द दोन अक्षरांचा, पण त्याच्या मागे मोठा व्यवहार आहे. बंदा हा पगारी गडी नव्हे. गड्याला दिवसाची मजुरी ठरते, नाही पटलं तर तो दुसरीकडे जातो. बंदा कुळासारखाही नव्हे. कूळ जमीन कसतं आणि खंड भरतं. त्याच्यात आणि भाटकारात निदान हिशोब तरी असतो. बंद्याला अन्न, वस्त्र आणि वाड्याच्या मागच्या अंगाला राहायला जागा मिळे. त्याबदल्यात पाणी भरणं, झाडलोट, गोठा, दिवाबत्ती, निरोप पोचवणं, सणासुदीची राबणूक, सगळं काही. त्याला मुलं झाली की ती त्याच वाड्याची. म्हणजे नोकरी माणसाला नव्हती, जन्माला होती.

हा शब्द आला कुठून, एवढाच या टिपणाचा विषय. पण शब्दाचं मूळ शोधताना त्याच्या आसपासचे दुसरे शब्दही हाताला लागतात, आणि आपल्या समाजाने नोकराला काय काय नावं दिली, ती का दिली, हेही थोडंफार उलगडतं.

तीन वाटा आणि एक कसोटी

‘बंदे’ शब्दाच्या तीन व्युत्पत्त्या लावता येतात.

पहिली, ‘बांध’पासून. गोव्यात खाजन शेती आहे. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध हा तिचा प्राण. कोकणीत त्याला ‘बांद’च म्हणतात. तेव्हा बांदावर राबणारे ते बंदे, अशी ही वाट.

दुसरी, ‘बंधू’पासून. घरच्यासारखे वागवलेले, भाऊबंदांतले, म्हणून बंदे. ही वाट कानाला गोड लागते आणि वाड्याच्या बाजूने सोयीचीही आहे.

तिसरी, फारसी ‘बंदा’पासून. बंदा म्हणजे गुलाम, दास, चाकर.

मी पेशाने स्थापत्य अभियंता. एखादी तुळई भार पेलते की नाही हे ती दिसते कशी यावरून ठरत नाही, तपासून ठरतं. शब्दांचंही तसंच. व्युत्पत्ती ऐकायला छान वाटते म्हणून खरी होत नाही; ध्वनीचा नियम, अर्थ आणि इतिहास या तिन्हींवर ती उभी राहायला हवी.

ध्वनीपासून सुरुवात करू. संस्कृतातल्या ऱ्हस्व अ-नंतर अनुनासिक आणि जोडाक्षर आलं की मराठीत येताना तो अ सहसा दीर्घ होतो. अंध–आंधळा, स्कंध–खांदा, दंत–दात, बंध–बांध. म्हणजे ‘बंध’पासून चाकराला एखादा अस्सल देशी शब्द निघाला असता तर तो ‘बांदा’ किंवा ‘बांधा’ असा दीर्घ झाला असता. आपला शब्द मात्र ‘बंदा’ आहे, ऱ्हस्व.

आता फारसीकडून आलेले शब्द पाहा. फारसीत शेवटी हलका ‘ह’ असलेले शब्द मराठीत आकारान्त होतात : पर्दह–पडदा, खजानह–खजिना, दरवाजह–दरवाजा. अनेकवचन पडदे, खजिने, दरवाजे. त्याच चालीने बंदह–बंदा, बंदे. इथे काही ओढूनताणून बसवावं लागत नाही.

‘बांदी’तला दीर्घ ‘आ’ मात्र कुणी पुढे करील. त्याचं उत्तर असं की फारसीत लिंगभेदच नाही. तिथे बाईही ‘बंदा’च. ‘बांदी’ हे स्त्रीलिंगी रूप हिंदुस्थानी भाषेत घडलं आणि तयार अवस्थेत दक्षिणेकडे आलं. बंदा आणि बांदी एकाच घरचे, पण आले वेगवेगळ्या रस्त्यांनी.

अर्थाची कसोटी त्याहून सरळ आहे. बंद्याचं काम वाड्यातलं, बांदावरचं नव्हे. खाजनाचे मोठे बांध नदीकाठच्या सखल गावांत; ‘बंदे’ शब्द मात्र वाडा जिथे असेल तिथे, डोंगराच्या पायथ्याच्या गावांतही चालतो. त्यामुळे पहिली वाट बाद. दुसऱ्या वाटेवर ‘बंधू’तला ‘ध’ आणि उकार दोन्ही गाळावे लागतात, आणि वाड्याच्या वारशात वाटा नसलेल्याला बंधू म्हणावं लागतं. तीही टिकत नाही. उरते तिसरी.

दारियसच्या शिलालेखापासून

फारसीतल्या या शब्दाचं वय थक्क करणारं आहे. इराणात केरमानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास आपल्या पराक्रमाचा लेख तीन भाषांत कोरवला. त्यातल्या जुन्या फारसीत तो आपल्या सेनापतींना ‘बंदक’ म्हणतो, आणि जिंकलेल्या मुलुखांनाही. बंदक म्हणजे बांधलेला. याचंच मध्य फारसीत ‘बंदग’ झालं आणि नव्या फारसीत ‘बंदह’.

गंमत अशी की हा ‘बंद’ आणि आपला संस्कृत ‘बन्ध्’ धातू ही सख्खी भावंडं. इराणी आणि भारतीय भाषांचं मूळ एक, म्हणून एका बाजूला बंद, बंदोबस्त, कमरबंद, बंदा, बंदगी. दुसऱ्या बाजूला बांधणे, बांध, बंधन, संबंध, बंधू. इंग्रजीतला ‘बाँड’सुद्धा याच कुळातला. म्हणजे वर नाकारलेली ‘बंधू’ची वाट फार मागे गेलं तर खोटी नाही, काही हजार वर्षांपूर्वी दोन्ही शब्द एकाच दोरीने बांधले होते. पण त्यातून एका भाषेत भाऊ निघाला आणि दुसरीत दास. दोरी तीच, ती कुणाच्या हातात आहे यावर अर्थ ठरला.

दासाच्या अर्थाने आला तरी ‘बंदा’ हा शब्द नेहमी हीन नव्हता. दिल्लीच्या सुलतानांचे खास गुलाम म्हणजे ‘बंदगान’. त्यांतले काही पुढे सुभेदार आणि सुलतानही झाले. ईश्वरापुढे प्रत्येक जण बंदा, म्हणून प्रार्थना ती बंदगी. गुलबर्ग्याचे सुफी संत ख्वाजा गेसूदराज १४२२ मध्ये वारले. त्यांना लोक ‘बंदेनवाज’ म्हणतात, म्हणजे दासांवर कृपा करणारे. आणखी पुढे निजामालाच ‘बंदगान-ए-आली’ असा आदरार्थी किताब लागला. चाकराचा शब्द असा मालकाच्या डोक्यावर मुकुट होऊन बसला. मराठीत ‘बंदा रुपया’ म्हणजे न मोडलेला, सबंध रुपया. तो याच ‘बंद’च्या घरचा. खणखणीत माणसाला आपण बंदा रुपया म्हणतो, तेव्हा त्याचा हा चुलतभाऊ आपल्या ध्यानातही येत नाही.

बादशहा अकबराला मात्र हा शब्द खटकला होता. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवलंय की बादशहाला ‘बंदा’ हे नाव आवडत नसे, कारण मालकी फक्त ईश्वराची असं तो मानी. म्हणून त्याने या लोकांना ‘चेला’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, काम तेच राहिलं. सोळाव्या शतकातली ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

पेडणे-डिचोलीतच का?

आता इतिहासाची कसोटी. हा शब्द साष्टीत किंवा तिसवाडीत न रुजता पेडणे-डिचोलीकडेच का रुजला?

याचं उत्तर गोव्याच्या नकाशात आहे. तिसवाडी पोर्तुगिजांनी १५१० मध्ये घेतली, बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये. या जुन्या काबिजाती. डिचोली त्यांच्याकडे कायमची गेली ती १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांशी झालेल्या तहाने. म्हणजे जुन्या आणि नव्या काबिजातींत जवळजवळ अडीचशे वर्षांचं अंतर. या अडीचशे वर्षांत म्हापशाच्या अलीकडे पोर्तुगीज कारभार चालत होता आणि पलीकडे आधी विजापूरचा, मग मराठ्यांचा आणि सावंतांचा.

विजापूरच्या दरबाराची भाषा फारसी, पण पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशोब देशी भाषेत, मराठीत आणले. त्यामुळे फारसी शब्द मराठीच्या कपड्यांत थेट गावच्या चावडीपर्यंत उतरले. महाल, तर्फ, मामला, जमाबंदी, चाकर, बंदा. पेडण्याच्या वेशीवरचं बांदा हे विजापूरकरांच्या काळातलं महत्त्वाचं ठाणं. त्या अमदानीत त्याला आदिलाबाद म्हणत. डिचोलीत १६८३ च्या सुमारास औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने राहिला होता, आणि तिथल्या नमाजगाहशी आजही त्याचं नाव जोडतात. त्याच डिचोली महालात नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा १६६८ चा शिलालेख आहे. दोन संस्कृती एकमेकींच्या एवढ्या जवळ होत्या. महाराजांना पुढे फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करून घ्यावासा वाटला, यातच फारसी किती मुरली होती ते आलं.

जुन्या काबिजातींत याच जागी दुसरेच शब्द दिसतात. पोर्तुगीज ‘क्रियादु’ कोकणीत ‘क्रियाद’ होऊन बसला. मांडवीच्या आणि शापोऱ्याच्या अलीकडे क्रियाद, पलीकडे बंदा. घरातल्या चाकराला काय म्हणायचं हे त्या घरावर कुणाचं राज्य होतं यावरून ठरलं. माझ्या मते फारसी व्युत्पत्तीचा हा सर्वांत भक्कम पुरावा : शब्दाची हद्द आणि जुन्या राज्याची हद्द एकमेकांवर बसतात.

मूल, लेक, पोसलेला

‘बंदे’सोबत या भागात हमखास येणारा दुसरा शब्द म्हणजे ‘फर्जंद’. हाही फारसी, आणि त्याचा सरळ अर्थ ‘अपत्य’. संस्कृत ‘प्र’ आणि ‘जन्’ यांच्याशी त्याचं नातं आहे, म्हणजे आपल्या ‘प्रजे’चा तो दूरचा भाऊ. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना इंग्रजांनी १८७७ मध्ये ‘फर्जंद-इ-खास’ हा किताब दिला, तो ‘खास पुत्र’ या अर्थाने. मराठ्यांच्या इतिहासात हिरोजी फर्जंद आग्र्याच्या कैदेत महाराजांच्या जागी बिछान्यावर पांघरूण घेऊन निजला, आणि कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. दोघेही शूर. पण त्यांच्या नावापुढचं ‘फर्जंद’ हे आडनाव नव्हे. लग्नाच्या बायकोपासून न झालेला मुलगा, हा त्यातला न बोललेला भाग.

वाड्यांच्या संदर्भातही फर्जंद म्हणजे तेच. धन्यापासून बांदीला किंवा ठेवलेल्या बाईला झालेलं मूल. त्याला ‘मूल’ म्हणायचं, पण मुलाचा वाटा द्यायचा नाही. घाटावर आणि कोकणात यालाच ‘लेकवळा’ म्हणत. शब्द पाहा, ‘लेक’ आहेच त्यात. फारसी शब्दाचं जणू मराठी भाषांतर. ‘अकरमाशी’ हा शब्द त्याहून बोचरा : तोळ्याचे बारा मासे, त्यांत एक कमी. सोनाराच्या काट्यावर माणूस तोलला. शरणकुमार लिंबाळे यांनी हाच शब्द आपल्या आत्मकथनाला नाव म्हणून घेतला आणि तो उलट समाजाच्या तोंडावर फेकला.

तिसरा शब्द ‘चेडे’ किंवा ‘चेडवां’. कोकणीत चेडो म्हणजे मुलगा, चेडूं म्हणजे मुलगी. मालवणीतही ‘चेडू’ आहेच. पण संस्कृत नाटकांत ‘चेट’ म्हणजे नोकर आणि ‘चेटी’ म्हणजे दासी. ‘मृच्छकटिका’तला स्थावरक हा शकाराचा चेट, वसंतसेनेची मदनिका ही तिची दासी, आणि वसंतसेना तिला मुक्त करून शर्विलकाच्या हाती देते. नाटकाच्या शेवटी स्थावरकालाही दास्यातून सोडवलं जातं. या ‘चेट’चं प्राकृत रूप ‘चेड’, आणि त्यात ‘मुलगा’ व ‘नोकर’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. अकबराने पसंत केलेल्या ‘चेला’ शब्दाचाही याच ‘चेट’शी संबंध लावला जातो. ‘बंदा’ टाळायला गेला आणि ‘चेटा’जवळ येऊन पोचला.

चौथा शब्द गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला : ‘पोसकें’. पोसलेलं मूल. अनाथ किंवा गरिबाचं पोर घरात आणायचं, वाढवायचं, आणि घरकामाला लावायचं. वारसात नाव नाही. आता वरचा ‘क्रियाद’ पुन्हा पाहा. पोर्तुगिजांत ‘क्रियार’ म्हणजे वाढवणं, पोसणं. ‘क्रियादु’ म्हणजे वाढवलेला. म्हणजे पोसकें आणि क्रियाद हे दोन भाषांतले एकाच अर्थाचे शब्द! पोर्तुगिजांचा नोकरासाठी दुसरा शब्द ‘मोसु’, त्याचाही मूळ अर्थ पोरगा. आणि आपण अजूनही हॉटेलात साठीच्या माणसाला ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारतो, इंग्रजांनी ‘बॉय’ म्हटलं तसंच.

हे शब्द एका ओळीत मांडले की नमुना दिसायला लागतो. फर्जंद, लेकवळा, चेडो, मोसु म्हणजे मूल. पोसकें, क्रियाद म्हणजे पोसलेला. फारसी, मराठी, प्राकृत, पोर्तुगीज, कोकणी, भाषा कुठलीही असो, घरातल्या चाकराला घरचं मूल म्हणायची सवय सगळीकडे सारखी. मुलाला पगार देत नाहीत. मूल घर सोडून जात नाही. मूल कितीही मोठं झालं तरी त्याचं मत विचारात घेत नाहीत. नात्याचा शब्द वापरला की हे तिन्ही हिशोब आपोआप मिटतात.

या सगळ्यांत ‘बंदा’ हा एकटाच शब्द खरं बोलतो. तो नातं सांगत नाही, ‘बांधलेला’ एवढंच सांगतो. कदाचित म्हणूनच तो सर्वांत जास्त झोंबला.

कायद्याला न दिसलेली माणसं

दासांचे प्रकार मोजण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. मनुस्मृतीत सात, नारदस्मृतीत पंधरा. नारदाच्या यादीत विकत घेतलेला, वारशाने आलेला, दुष्काळात पोसलेला, कर्जापायी गहाण पडलेला, युद्धात मिळालेला, पणात जिंकलेला, असे प्रकार आहेत. पहिलाच आहे ‘गृहजात’, घरातल्या दासीच्या पोटी जन्मलेला. दासाला मुक्त करायचा विधीही नारदाने दिलाय : धन्याने त्याच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा घेऊन फोडायचा, अक्षता-फुलांचं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडायचं आणि तू आता दास नाहीस असं तीनदा म्हणायचं.

पेडणे-डिचोलीचे बंदे म्हणजे हेच गृहजात. कायदे मात्र झाले ते विकत घेतलेल्या दासांपुरते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीत डचांना दिलेल्या कौलात माणसं विकत घेऊन बाहेर नेण्याची मनाई केली. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट. पेशवाईत मात्र कुणबिणींची खरेदी-विक्री उघड चालली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीला न्यायालयाचा आधार राहिला नाही. पोर्तुगिजांनी १८३६ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८६९ मध्ये आपल्या सर्व वसाहतींतून गुलामी उठवली. हे कायदे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना, ज्यांना आपल्याकडे ‘खाप्री’ म्हणत, डोळ्यांसमोर ठेवून केलेले. त्यांची खरेदी झाली होती, किंमत ठरली होती, म्हणून त्यांना मुक्त करता आलं.

बंद्याची खरेदी झालीच नव्हती. पावती नाही, किंमत नाही, कागद नाही. कागदावर तो गुलाम नव्हताच, मग त्याला सोडवायचं कशातून? शिवाय नव्या काबिजाती घेताना पोर्तुगिजांनी तिथले रीतिरिवाज आणि वतनं राखायचं धोरण ठेवलं, आणि १८८० मध्ये गोव्याच्या हिंदूंच्या रूढींना संहितेचं रूप दिलं. वाड्याच्या दाराआतली गोष्ट ही घरची बाब ठरली. नात्याचे शब्द इथे उपयोगी पडले. ‘तो आमच्याकडे लहानाचा मोठा झालाय’ असं म्हटलं की कुठलाही अधिकारी परत फिरे.

दोरी सैल झाली ती पुष्कळ उशिरा आणि वेगवेगळ्या बाजूंनी. माणसं मुंबईला गेली. गिरणी, बोट, छापखाना, नाटक कंपनी, जिथे जागा मिळेल तिथे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलावंत, भाविणी, देवळी, पेर्णी, फर्जंद, बंदे अशी वेगवेगळ्या नावांनी हिणवली गेलेली मंडळी एकत्र आली आणि ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव त्यांनी स्वतः निवडलं. या चळवळीतले राजाराम पैंगीणकर यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘मी कोण?’ असं आहे. या दोन शब्दांत सगळा प्रश्न येतो. आजवर आपण कोण हे वाडा आणि देऊळ सांगत होतं. आता विचारणाराही मीच, उत्तर देणाराही मीच.

अकबराने बंद्याचा चेला केला आणि या लोकांनी स्वतःला गोमंतक मराठा म्हटलं, यांत फरक हाच. पहिलं नाव धन्याने बदललं, म्हणून काम तेच राहिलं. दुसरं ज्यांचं होतं त्यांनीच बदललं, आणि त्याबरोबर शाळा, शिष्यवृत्त्या, लग्नाच्या चालीरीती सगळंच बदलत गेलं. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजातले, आणि त्यांचा जन्म पेडण्याचा. त्यांच्या कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा झाला, गावोगाव शाळा निघाल्या. मुंडकारांना घरातून काढता येणार नाही असा कायदा १९७५ चा. देशभर वेठबिगारीवर बंदी आली ती १९७६ मध्ये. हिंदीत त्या मजुरांना ‘बंधुआ’ म्हणतात. पुन्हा तोच ‘बन्ध्’, बेहिस्तूनच्या कड्यावरचाच!

आडनावांचा घोळ

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यातून माणसं दुखावली जातात. ‘बांदेकर’ आणि ‘बांदोडकर’ या आडनावांचा ‘बंदे’ शब्दाशी काडीचाही संबंध नाही. बांदेकर म्हणजे बांद्याचे. बांदा हे सावंतवाडीजवळचं गाव, तेरेखोलच्या काठचं. बांदोडकर म्हणजे फोंड्याजवळच्या बांदोड्याचे, जिथे महालक्ष्मी आणि नागेशीची देवस्थानं आहेत. दोन्ही नावांत ‘आ’ दीर्घ आहे आणि दोन्हींच्या शेवटी गावदर्शक ‘कर’ आहे. ही आडनावं अनेक जातींत सापडतात. नुसत्या उच्चाराच्या जवळिकीवरून कुणाच्या कुळाचा निवाडा करणं हे व्युत्पत्तीशास्त्र नव्हे, ती चहाडी झाली.

शब्दाचं करायचं काय?

काही जण म्हणतात, असले शब्द उकरूच नयेत. त्यांची भीती खरी आहे. हा शब्द अजूनही शिवीसारखा वापरला जातो, आणि ज्यांच्या आजी-पणजीला तो लागला त्यांना तो वाचतानाही त्रास होतो. पण शब्द पुसला म्हणजे घडलेलं पुसलं जात नाही. उलट मग फक्त ‘घरच्यासारखे होते हो’ एवढीच आठवण शिल्लक राहते, आणि ती एकाच बाजूची असते. म्हणून शब्द कोशात राहावा, इतिहासात राहावा. जिवंत माणसाला उद्देशून तोंडातून जाऊ नये.

आपल्या मंडळींना जुने वाडे पाहायची हौस आहे, मलाही आहे. राजांगण, चौकातलं तुळशीवृंदावन, कोरीव खांब, देवघर, यांचे फोटो आपण काढतो आणि त्यात गैर काही नाही. पण पुढच्या वेळी वाडा मोजताना मागच्या बाजूचाही नकाशा काढू या. न्हाणीघर, विहिरीकडे जाणारी पायवाट, मांगर, गोठ्यालगतची खोली, मागचं ठेंगणं दार. वाडा नुसत्या चिऱ्यांवर आणि तुळयांवर उभा नव्हता. रोज पहाटे कुणीतरी पाणी भरत होतं म्हणून उभा होता. घराण्याच्या वंशावळीत धन्यांची नावं सात-सात पिढ्या मिळतात. मागच्या दाराने ये-जा करणाऱ्यांची नावं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतात. त्यांच्या घरच्यांची हरकत नसेल तर ती लिहून घेऊ या : कुठल्या गावचे, काय काम करत, पुढे कुठे गेले, मुलं काय शिकली. आणि लिहिताना ‘बंदा’ हा शब्द नको, त्या माणसाचं नाव लिहू या.